घाण्याभोवतीची परिक्रमा

वऱ्हाडातल्या बोरखेडी गावाच्या वेशीबाहेर एक जुना उंबर आहे. त्या उंबराखाली एके काळी एक सत्पुरुष येऊन बसले, ते कायमचेच. कुठून आले, कोणत्या कुळातले, हे कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. उंबराखाली बसतात म्हणून लोक त्यांना उंबरबुवा महाराज म्हणू लागले. अंगावर एक कांबळे, पुढे पाण्याचा तांब्या, एवढाच त्यांचा संसार. भाविकहो, या महाराजांच्या अनेक लीला गावात सांगतात. पण उकर्डा तेल्याची गोष्ट सांगताना आजही बोरखेडीची म्हातारी माणसे डोळे पुसतात.

उकर्डा हे नाव त्याला आईने हौसेने ठेवले नव्हते. आधीची तीन मुले दगावली, म्हणून हे चौथे जन्मताच तिने घटकाभर उकिरड्यावर नेऊन ठेवले, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर जाऊ नये. मूल जगले. वाढून बापाचा घाणा चालवू लागले. तीळ, जवस, करडई जे येईल ते गाळावे, गावाला तेल द्यावे, आणि सकाळ-संध्याकाळ महाराजांच्या पुढे दिव्यात तेल घालून मुकाट्याने मागे बसावे, असा त्याचा क्रम होता.

उंबराखाली नर्मदेची परिक्रमा करून आलेले साधू मुक्काम करीत. त्यांच्या तोंडून माईच्या घाटांची नावे ऐकता ऐकता उकर्ड्याच्या मनाने एक गोष्ट घट्ट धरली. एकदा त्याने महाराजांच्या पायांवर हात ठेवला आणि म्हणाला, "महाराज, माईची परिक्रमा करीन. पायी, अनवाणी, पुरी."

महाराज म्हणाले, "बोललास ते माईने ऐकले बरं."

त्याच वर्षी त्याच्या आईचे, जनाईचे, अर्धे अंग लुळे पडले. खाट धरली ती धरलीच. घरात दुसरे माणूस नाही. घास भरवणे, कूस बदलणे, सारे उकर्ड्यालाच करावे लागे. आईला टाकून जाणार कुठे? आणि दिलेला शब्द गिळणार कसा? दोन वर्षे ही गोष्ट त्याच्या छातीत काट्यासारखी सलत राहिली. दिव्यात तेल घालताना तो महाराजांच्या नजरेला नजर देईना.

अशात गावचे देशमुख यादवराव परिक्रमेला निघाले. मोठा माणूस, मोठा बेत! दोन गडी, घोडे, राहुटी, शिध्याची गोणी. कार्तिकी पौर्णिमेला प्रस्थान ठेवायचे, तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस चालायचे आणि महाशिवरात्रीला गावात परत यायचे, असे त्यांनी चारचौघांत जाहीर केले. महाराजांचा निरोप घ्यायला ते उंबराखाली आले तेव्हा उकर्डा मागे बसला होता. त्याला हुंदका आवरला नाही.

"काय झालं रे?" महाराजांनी विचारले.

"मीही शब्द देला होता महाराज. माह्या पायात जोर हाये, पण माय खाटेवर हाये. तिले टाकून कसा जाऊ?"

महाराजांनी त्याला जवळ बोलावले. मग त्यांनी विचारले, "तुझा बैल घाण्याला कोणत्या हाताला ठेवून फिरतो?"

"उजव्या, महाराज."

"मग झालं की! परिक्रमेतही माई उजव्या हातालाच असते. पौर्णिमेपासून घाणा म्हणजे नर्मदा समज. बैलाच्या मागे तूही चाल. अनवाणी चाल, मुखात माईचे नाव ठेव, एकही दिवस चुकवू नकोस. तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस. जमेल?"

उकर्ड्याचा चेहरा दिव्यासारखा उजळला. पण यादवरावांना हसू फुटले.

"महाराजांनी बरी थट्टा केली!" ते सोबतच्या लोकांना म्हणाले. "अरे उकर्ड्या, घाण्याचा बैल जन्मभर फिरतो, तो गेला का कुठं? मी शेकडो कोस तुडवून येईन, अन् तू अंगणातल्या अंगणात परिक्रमावासी! शिवरात्रीला दोघांच्याही मिरवणुका काढू. माझी घोड्यावरून, तुझी बैलावरून."

लोक हसले. उकर्ड्याने मान खाली घातली. महाराजांनी यादवरावांच्या हाती प्रसादाचे उंबर ठेवले आणि एवढेच सांगितले, "जे ठरवलंत ते पुरं करा."

पौर्णिमेला गावाच्या एका टोकाला ढोल वाजत होते आणि दुसऱ्या टोकाला उकर्डा आंघोळ करून, घाण्याला हळदकुंकू वाहून, कवड्या बैलाच्या मागे पहिले पाऊल टाकत होता. जनाईची खाट त्याने ओसरीवर आणून ठेवली होती, म्हणजे तिला दिसावे. दिवस मावळला की ती विचारी, "आज कुठवर पोचला रे बापा?" आणि तो साधूंकडून ऐकलेल्या एकेका घाटाचे नाव सांगे. म्हातारी डोळे मिटून हात जोडी. जिला कूस बदलता येत नव्हती, तीही अशी परिक्रमेला निघाली होती!

चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी मुक्काम करतात. त्या चार महिन्यांत उकर्डा घाणा चालवी तो पोटापुरता. ते चालणे माईच्या नावावर धरीत नसे. एकदा ताप भरला, तर काठी टेकत तीन फेरे घातले आणि मग अंथरूण धरले. गावातली टवाळ पोरे येता-जाता ओरडत, "काय परिक्रमावासी, अमरकंटक आलं का?" तो हसून म्हणे, "येईन ना, चालून ऱ्हायलो."

दुसऱ्या वर्षी माघात कवड्या बैल बसला तो उठला नाही. उकर्ड्याने लेकराला मांडीवर घ्यावे तसे त्याचे डोके मांडीवर घेतले. बैल गेला. नवा बैल आणण्याची ऐपत नव्हती. शेजारीपाजारी म्हणाले, "आता सोड बाबा. देवालाही समजतं." रात्रंदिवस मनात धरलेली गोष्ट अर्ध्यावर तुटणार, या भीतीने तो धावत महाराजांकडे आला आणि पायांवर कोसळला.

महाराजांनी विचारले, "परिक्रमा कोण करत होतं? बैल की तू?"

उकर्डा उठला. डोळे पुसले. घरी येऊन त्याने जू स्वतःच्या खांद्यावर घेतले.

काय सांगावे भाविकहो! माणसाने घाणा ओढायचा म्हणजे काय असते, ते ओढणाऱ्यालाच माहीत. बैलाच्या निम्मेही तेल निघेना. पहिल्या आठवड्यातच खांदा सोलून निघाला. जनाईने ते पाहिले आणि चालत्या हाताने आपल्या हिरव्या लुगड्याचा पदर दाताने धरून टरकन फाडला. "हे घे. खांद्यावर घडी ठेव," म्हणाली. त्या घडीवर जू ठेवून उकर्डा चालू लागला. कमी तेलात कसेबसे दिवस निघत. दुपारची भाकरी आईला देऊन तो स्वतः तिळाच्या पेंडीचा खडा गुळाबरोबर खाई. तो खडा त्याच्या धोतराच्या सोग्यात बांधलेला असे. जोराने पाऊल पडेना तेव्हा तो स्वतःलाच समजावी, "एक पाऊल टाक. मंग दुसरं."

तिसरे वर्ष सरले. पुन्हा कार्तिकी पौर्णिमा आली, गेली. पौषातली दुपार होती. उकर्डा नाम घेत फिरत होता आणि फिरता फिरता त्याला वाटले, पायाखाली अंगणातली माती नाही, वाळू आहे. उजव्या हाताला खाली पाणी चमकत होते. डाव्या हाताला दाट झाडी. एका झुडपाशी कोणीतरी माणूस पडलेला होता, पायातून रक्त वाहत होते. त्याला पाहून उकर्डा त्याच्याकडे धावला. पुढे काय झाले, ते त्याला नीट आठवेना. भानावर आला तेव्हा तो आपल्याच अंगणात उभा होता. सोग्यातला पेंडीचा खडा नव्हता. खांद्यावरची हिरवी घडीही नव्हती. पेंड कुत्र्याने नेली असेल, घडी कुठे गळून पडली असेल, असे म्हणून त्याने आईकडून लुगड्याच्या दुसऱ्या टोकाचा तुकडा मागितला आणि पुन्हा जू खांद्यावर घेतले. तो साधा माणूस. आपल्या हातून काही घडले असेल, असे त्याच्या मनातही आले नाही.

महाशिवरात्र उजाडली. देशमुख परिक्रमा पुरी करून येणार म्हणून वेशीवर ढोलताशे, हार, तोरणे, सारा गाव उभा. दुपार कलली तेव्हा वाटेवर एक माणूस दिसला. ना घोडा, ना गडी. पाय अनवाणी, दाढी वाढलेली, हातात कापडाची एक चिंधी. जवळ आल्यावर लोकांनी ओळखले, हे तर यादवराव! हार पुढे झाले. यादवरावांनी ते हाताने बाजूला सारले.

"ढोल बंद करा," ते म्हणाले. "उकर्ड्याचा घाणा चालू आहे का?"

"चालू आहे, रावसाहेब. त्याचा आज शेवटचा दिवस. महाराजही तिथंच जाऊन बसलेत."

यादवराव घाण्याकडे निघाले आणि त्यांच्यामागे अख्खा गाव. अंगणाच्या कडेला महाराज कांबळ्यावर बसले होते. ओसरीवर जनाई. मधोमध जू खांद्यावर घेऊन उकर्डा चालत होता. त्याच्या खांद्यावर हिरव्या कापडाची घडी होती. ती दिसताच यादवरावांनी मुठीतली चिंधी उलगडली. ते खाटेजवळ गेले.

"माय, तुझं लुगडं दाखव."

जनाईने फाटका पदर पुढे केला. यादवरावांनी हातातली चिंधी त्याच्या कडेला लावली. धागा धाग्याला मिळाला, काठ काठाला मिळाला. चिंधीवर रक्ताचे वाळलेले डाग होते आणि तिला अजून तिळाच्या तेलाचा वास येत होता.

यादवराव सगळ्यांसमोर बोलू लागले. "माझी परिक्रमा पहिल्याच वर्षी मोडली. परिक्रमेत माई ओलांडायची नसते, पण चालवेना, म्हणून नावेत बसून नदी ओलांडली. पुढे घोड्यावरून फिरलो, मन मानेल तिथं महिने काढले. नुसतं शिवरात्रीला परत यायचं होतं, मिरवून घ्यायला! पौषात डोंगरातल्या झाडीत गड्यांची चुकामूक झाली, घोडा उधळला. तीन दिवस अन्न नाही. पाय फाटला. मरायला टेकलो होतो. तेव्हा एक माणूस आला. उघडा, खांद्यावर घट्टा. त्यानं माझा पाय या कापडानं बांधला, पेंड अन् गूळ खाऊ घातला, अन् म्हणाला, 'उठा रावसाहेब. एक पाऊल टाका, मंग दुसरं.' आश्रमाच्या दारापर्यंत माझ्यापुढे चालला. तिथं त्यानं मागं वळून पाहिलं. उकर्ड्या, तो तू होतास! मला वाटलं, तापात भास झाला. पण ही चिंधी हातात राहिली. तेव्हापासून घोड्यावर बसलो नाही, तिथून इथवर अनवाणी आलो."

सारा गाव उकर्ड्याकडे वळून पाहू लागला. उकर्डा मात्र थांबला नव्हता. सूर्य मावळायचा होता आणि त्याचे फेरे बाकी होते.

यादवराव महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले, तो महाराजांनी पाय कांबळ्याखाली ओढून घेतले.

"हे पाय उंबराखालून हललेसुद्धा नाहीत," महाराज म्हणाले. "जे चालले, त्यांना नमस्कार करा. पण आधी त्याचं ओझं थोडं घ्या. शेवटचे फेरे जड जातात."

बोरखेडीचे देशमुख उठले. अंगरखा काढून ठेवला आणि उकर्ड्याच्या बाजूला जाऊन घाण्याच्या लाटेला, फिरत्या आडव्या लाकडाला, खांदा लावला. उकर्डा गडबडून म्हणाला, "रावसाहेब, हे काय करून ऱ्हायले?" पण पाय त्याने थांबवले नाहीत. ज्याची मिरवणूक बैलावरून निघायची होती आणि ज्याची घोड्यावरून, ते दोघे एका जुवाखाली फिरत होते, आणि गाव माईचा जयजयकार करीत होता. धन्य ती निष्ठा! धन्य ते सद्गुरू, ज्यांनी खाटेवरच्या आईपासून लेकाला न तोडता त्याची नदी अंगणात आणून दिली!

सूर्य बुडाला. उकर्ड्याने जू खाली ठेवले. तोच यादवरावांनी त्याच्या पायांवर डोके ठेवले.

"अहो रावसाहेब, नका! पाय तेलकट हायेत, कपाळाले डाग लागन."

"लागू दे," यादवराव म्हणाले. ते उठले तेव्हा त्यांच्या कपाळाला तेल लागले होते, आणि त्या तेलात शुभ्र वाळूचे कण चमकत होते. बोरखेडीची सारी जमीन काळी. तसली वाळू आसपास कुठल्याच ओढ्यात नाही. महाराजांनी ते कण पाहिले आणि हसून हात जोडले.

एवढ्यात ओसरीवरून, रोजच्यासारखाच, आवाज आला. "बापा, आज कुठवर पोचला रे?"

उकर्डा खाटेजवळ गेला. आईचा लुळा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"पोचलो माय," तो म्हणाला. "दोघंही पोचलो."