सान तेओदुलोची बिनदाराची खानावळ

इथेच थांबा जरा, सावलीत. आत जायच्या आधी ही चौकट नीट बघून घ्या. एकदा भाकरीचा वास नाकात गेला की माझं कुणी ऐकत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

दगडी कमान आहे. दोन्ही अंगांना बिजागऱ्यांचे लोखंडी खुंट आहेत, गंजलेले. उंबरठा मधोमध झिजलाय. सगळं आहे, फक्त दार नाही. लोहोकरे काका, तुम्ही मघाशी विचारलंत की हे लोक खानावळ बंद करून कुलूप कुठे लावतात. कुठेच लावत नाहीत. इथे दार बसवायचं नाही असा या सान तेओदुलो गावाचा रिवाज आहे आणि तो कुणी मोडलेला नाही.

आणि ती टोपली दिसतेय ना, काटक्यांची? प्रत्येकाने एक उचला. ती आत गेल्यावर चुलीत घालायची, मग बसायचं. पर्समध्ये घालून आठवण म्हणून घरी न्यायची नाही. मागच्या खेपेला एका वहिनींनी नेली, आणि दोन्या चेलांनी मला चांगलं ऐकवलं.

दोन्या म्हणजे आपल्याकडचं 'बाई'. चेलाबाई ही खानावळ चालवतात. मी मूळची वाईची, लग्न होऊन या देशात आले, आणि पुढची हकीकत मला चेलाबाईंनी सांगितली. त्यांना त्यांच्या आजीने सांगितली होती. खरी किती, खोटी किती, मला विचारू नका. इथे जशी सांगतात तशी सांगते.

पूर्वी ही खानावळ नव्हती, खेचरवाल्यांची धर्मशाळा होती. समुद्राकडून माल लादून खेचरांचे तांडे डोंगर चढून यायचे आणि मुक्कामाला इथे थांबायचे. आतला चौक म्हणूनच एवढा मोठा आहे. धर्मशाळा चालवायची हासिंता नावाची बाई. तिचा नवरा एलाद्यो सुतार होता. या कमानीचं दार त्याने केलं होतं, मेस्कीटच्या लाकडाचं. मेस्कीट म्हणजे बाभळीसारखंच काटेरी झाड. लाकूड कठीण आणि जळायला उत्तम. एका फळीवर त्याने मक्याचं ताट कोरलं होतं, कणसांसकट. दुसऱ्या फळीवर खेचरांची रांग. रांगेतलं शेवटचं खेचर मान वळवून मागे बघत होतं.

ते शेवटचं खेचर म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, फेर्मिन. हा पोरगा जेवायला कधी वेळेवर यायचा नाही म्हणे. कुठे तळ्यावर, कुठे तबेल्यात, हाका मारून आईचा घसा बसायचा. मग धापा टाकत यायचा, आत शिरता शिरता त्या खेचराच्या कानावरून हात फिरवायचा, आणि आई म्हणायची, "उशीर केलास. बस, जेव." रोज तेच. लाकडाचा तो कान त्याच्या हाताने गुळगुळीत झाला होता.

पुढे एलाद्यो वारला. फेर्मिनला मिसरूड फुटलं, आणि तो एका तांड्याबरोबर समुद्राकडे गेला. जाताना आईने त्याला सांगितलं, "परत येशील तेव्हा गाव बदललेलं असेल, मीही बदललेली असेन. दार शोध. हे दार आहे तिथे मी आहे." आणि त्याच दिवशी गावच्या देवळात जाऊन तिने नवस बोलला, की मुलगा परत येईपर्यंत या दाराला कुणाला हात लावू देणार नाही.

तांडे येत राहिले. फेर्मिन आला नाही. तो बंदरावर दिसला होता असं कुणी सांगे, कुणी सांगे की जहाजावर चढला. एका जमीनदाराला ते दार आपल्या देवघरासाठी हवं होतं. त्याला तिने उंबरठ्यावरूनच परत पाठवलं. दर शनिवारी ती दाराला तेल लावायची, आणि त्या कानाला जरा जास्तच.

आता तिकडे बघा, उत्तरेला. तो धुरकट डोंगर. इथले लोक त्याला 'म्हातारी' म्हणतात. ज्वालामुखी आहे, हल्ली झोपलेला. एका वर्षी म्हातारी जागी झाली. भर दुपारी दिवे लावावे लागले इतका अंधार पडला, आणि आकाशातून राख पडायला लागली. वरून पाऊस आला. ओल्या राखेचं वजन काय असतं ते या लोकांना विचारा. गवताची छपरं एकामागून एक बसली. तेव्हा अख्खं गाव पोरंबाळं घेऊन या दगडी धर्मशाळेत शिरलं. वाटा बुजल्या. तळं राखेने भरलं. चौकातल्या झाकलेल्या विहिरीचं पाणी तेवढं राहिलं, आणि खेचरांसाठी साठवलेला मका.

मका आहे म्हणजे झालं, असं आपल्याला वाटेल. पण वाळलेला मका माणसाला चाववत नाही. तो चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, तसाच मुरू द्यायचा, धुवायचा, पाट्यावर वाटायचा, तेव्हा कुठे भाकरी होते. आणि चुना घातल्यावर जाळ मोडून चालत नाही. अर्धवट राहिलेला मका आंबतो, मग तो माणसांच्या काय, खेचरांच्याही कामाचा राहत नाही. म्हणून इथल्या बायका आधी सरपण बघतात आणि मगच मक्यावर पाणी ओततात. हासिंताने गावातल्या कितीतरी मुलींना हे शिकवलं होतं.

आणि त्या दिवशी तीच चुकली. पोरं रडत होती, आया तिच्याकडे बघत होत्या. तिने होता नव्हता तेवढा मका मोठ्या रांजणात ओतला, चुना कालवला, मक्यावर हळूच फुंकर घातली. मक्याला आगीची भीती वाटते, फुंकर घातली की धीर येतो, असं इथे मानतात. जाळ लावला आणि मग माणूस पाठवलं सरपण आणायला. माणूस रिकामं परत आलं. सरपणाची पडवी राखेखाली बसली होती. उकरून काढलेलं लाकूड नुसतं धुमसत होतं, पेटत नव्हतं.

मग बाकं जाळली. खेचरांची खोगिरं फोडून जाळली. फडताळ गेलं, हासिंताची खाट गेली. लोकांनी काठ्या दिल्या, एका बाईने पाळणा दिला. हासिंता दर थोड्या वेळाने एक दाणा काढून बोटात चोळून बघायची. साल सुटली की मका झाला, ही खूण. साल सुटत नव्हती.

जाळायला दुसरं काही उरलं नाही. सगळ्यांची नजर दाराकडे जायची आणि तिथून लगेच खाली वळायची. नवस सगळ्यांना ठाऊक होता. शेवटी एक म्हातारा खेचरवाला उठला आणि म्हणाला, "हासिंता, दार नको. मका गेला तर जाऊ दे. फेर्मिनला घर कसं सापडेल?"

ती उठून दारापाशी गेली. कुऱ्हाड तिने दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही.

आधी मक्याच्या ताटाची फळी गेली. मग खेचरांची. जुनं, तेल प्यालेलं मेस्कीट, धडाडून पेटलं. सगळ्यात शेवटी तिच्या हातात मागे बघणाऱ्या खेचराचा तुकडा उरला. बायका म्हणाल्या, हा तरी ठेव, एवढ्याने काय होणार आहे. तिने दाणा काढून चोळला. साल सुटेना. तिने त्या कानावरून एकदा हात फिरवला आणि तो तुकडाही चुलीत घातला. तो जळून निखारा झाला तेव्हा तिने पुन्हा दाणा चोळला, आणि साल बोटावर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्याच निखाऱ्यांवर भाकऱ्या भाजल्या आणि गाव जेवलं. नुसती भाकरी आणि मीठ. वाटा मोकळ्या होईपर्यंत त्या मक्यावर सगळे जगले. एकही लेकरू दगावलं नाही, असं सांगतात. आत गेल्यावर तुमच्यापुढेही आधी नुसती भाकरी आणि मीठ येईल. भाजी कुठाय म्हणून ओरडू नका. राजमा येईल, चिंचेएवढ्या काळ्या मिरच्यांचं वाटण येईल, शाकाहारींचं मी वेगळं सांगून ठेवलंय. पण सगळं त्यानंतर.

राख निवळल्यावर गावातले सुतार एकत्र आले आणि म्हणाले, आम्ही नवं दार करून देतो, हुबेहूब तसंच. हासिंता नको म्हणाली. चेलाबाईंनी तिचे शब्द मला जसेच्या तसे सांगितले होते: "परकं दार बघितलं तर तो म्हणेल हे आपलं घर नाही, आणि पुढे जाईल. दारच नसेल तर निदान आत डोकावेल."

मग ती इथे, या उंबरठ्यापाशी बसायला लागली. वय झालं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, चेहरे कळेनासे झाले. तेव्हा पावलं वाजली की ती येणाऱ्या प्रत्येकालाच म्हणायची, "उशीर केलास. बस, जेव." खेचरवाला असो, फकीर असो, गावातला न्हावी असो. मी तो नव्हे, हे तिला सांगायची छाती कुणाला झाली नाही. सगळे म्हणायचे, "हो आई, उशीर झाला." आणि तिची चूल पुन्हा कधी अडू नये म्हणून येताना एक लाकूड घेऊन यायचे.

फेर्मिन आला का? यावर गावात दोन तट आहेत. काही म्हणतात, समुद्राने त्याला कधीच गिळलं होतं. काही म्हणतात, एका दुपारी पिकल्या केसांचा एक वाटसरू आला. सगळ्यांसारखं लाकूड त्याच्याही हातात होतं. आत शिरता शिरता त्याने चौकटीच्या उजव्या बाजूला, लहान मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, हवेत हात फिरवला. तिथे काहीच नव्हतं. हासिंताला ते दिसलं नाही. ती आपली नेहमीसारखी म्हणाली, "उशीर केलास. बस, जेव." तोही इतरांसारखाच म्हणाला, "हो आई, उशीर झाला." आवाज ऐकून तिने मान वर केली. मग उठली, त्याच्या खांद्याला धरून आत गेली, आणि उंबरठ्यावर पुन्हा कधी बसली नाही, असं सांगतात.

मी चेलाबाईंना विचारलं होतं, तुम्ही कुठल्या तटातल्या? त्या म्हणाल्या, मी भाकऱ्या भाजते.

मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा मला यातलं काहीही माहीत नव्हतं. भाषा नीट येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं, भूक लागली म्हणून शिरले. चेलाबाई तव्यावरून मान वर करून म्हणाल्या, "उशीर केलास." मला तिथेच रडू फुटलं. वाई सोडल्यापासून माझ्या येण्याजाण्याकडे कुणाचं लक्ष असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

आजही दार नाही. आजही गावातली माणसं आत शिरताना त्या जागी, चौकटीच्या दगडावर, हात फिरवतात. बघा, दगड तेवढ्यापुरता काळा आणि तुळतुळीत झालाय. आजही चेलाबाई येणाऱ्या प्रत्येकाला तेच म्हणतात, त्या कामात असल्या तर त्यांची सून म्हणते.

चला आता. काटकी घेतली ना सगळ्यांनी? लोहोकरे काका, त्या तुम्हालाही म्हणतील उशीर केलास. आपण दीडची वेळ घेतली होती आणि आत्ता सव्वा वाजलाय, हे मला माहीत आहे. घड्याळ दाखवू नका. हात जोडा, आणि मराठीत म्हणालात तरी चालेल, त्यांना कळतं: हो आई, उशीर झाला.