सटवाजी कुंभाराच्या भीतीचं वजन

सटवाजी कुंभार चाकाला भ्यायला लागला! शिंप्यानं सुईला भ्यावं, तसंच हे! बारा दिवस झाले, अंगणातलं चाक बंद. दिवाळी तोंडावर आलेली, आणि सगळ्या वेळापुरीत पणत्या घडवणारं घर एवढं एकच.

झालं होतं असं. तुंगराज महाराजांनी चार घोड्यांचा नवा रथ करवून घेतला आणि हट्टानं लगाम स्वतःच्या हाती धरले. बाजाराच्या उतारावर घोडे उधळले. रथ सरळ सटवाजीच्या मडक्यांवर! दोनशे मडक्यांचा चुरा! त्यातच रथाचं एक चाक निखळलं आणि जे सटवाजीच्या मागं लागलं, ते पार मारुतीच्या देवळापर्यंत. तो डावीकडं वळला की चाक डावीकडं, तो उजवीकडं की तेही उजवीकडं! शेवटी तो देवळाच्या पायऱ्या चढला, तेव्हा कुठं चाक पायरीला आपटून आडवं झालं.

सरकारातून मडक्यांचे पैसे आले, खरचटलेल्या कोपराला लेप आला. पण सटवाजीला बसलेला धसका काही जाईना. शेजारणीचं जातं घरघरलं की तो धान्याच्या रिकाम्या कणगीत जाऊन बसे आणि वर झाकण ओढून घेई. तव्यावर भाकरी फिरली तरी ओरडे, "आलं गं, आलं!"

त्याची लेक भिवरा. ती एक दिवस वैतागली आणि थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

"सरकार, मडक्यांची भरपाई मिळाली. माझ्या बाला बसलेल्या धसक्याची राहिली!"

"धसक्याची?" महाराज हसले. "मडकं फुटलं ते दिसलं. कोपर खरचटलं तेही दिसलं. जे दिसतच नाही ते मोडलं कसं, पोरी?"

"मोडलं म्हणूनच बा कणगीत बसतोय, सरकार!"

दरबार खदखदून हसला. महाराज मात्र इरेला पेटले. "ठीक आहे! आठ दिवसांत तुझ्या बापाची भीती इथं घेऊन ये. तराजूत घालू. जेवढी भरेल तेवढी चांदी देईन. नाही आणलीस, तर तुमची दोन्ही गाढवं सरकारजमा!"

 गाढवं गेली तर नदीवरून माती कोण वाहून आणणार? सात दिवस भिवरानं डोकं खाजवलं. भीती धरायची कशी? आणायची कशात?

सातव्या दिवशी शेजारीण विस्तव मागायला आली. सटवाजी कणगीत, वर झाकण. तेवढ्यात कणगी शिंकली! शेजारीण हातातली खापरी तिथंच टाकून किंचाळत पळाली. भिवराला आधी हसू फुटलं, मग ती झाकणाकडं बघतच राहिली. झाकण उघडं असतं, तर बाई पळाली असती का?

दुसऱ्या दिवशी ती दरबारात आली. हातात एक मडकं, तोंडाला लाल फडकं घट्ट बांधलेलं.

"आणलीस?" महाराजांनी विचारलं.

"आणली, सरकार! बाची सगळी भीती यात कोंडलीय. तेवढं सांभाळून हाताळा. आठ दिवसांची उपाशी आहे!"

महाराजांनी तराजू मागवला. एका पारड्यात ते मडकं, दुसऱ्यात तसंच रिकामं मडकं, तसंच फडकं. काटा सरळ उभा!

"वजन शून्य!" महाराजांनी मांडी थोपटली. "गाढवं आमची!"

"थांबा, सरकार! आत काय आहे ते न बघताच निकाल? उघडून बघा की! फक्त पहिला जो डोकावेल, त्याच्या उरावर ती बसेल. बाकी काही नाही."

महाराजांनी हात पुढं केला, त्याच हातानं नाक चोळलं आणि म्हणाले, "प्रधानजी, उघडा."

"उघडलं असतं, महाराज. पण आज माझा उपास!"

"सेनापती!"

सेनापती गजाजीराव म्हणजे तीन मणांचा गडी, वाघाशी झुंजलेला. ते दोन पावलं पुढं आले. भिवरानं मडक्यावर नखानं हळूच टिचकी मारली. टिक्! सेनापतींनी अशी उडी मारली की ते थेट खांबामागं!

भिवरानं फडकं सोडलं आणि मडकं उपडं केलं. आतून धूळसुद्धा पडली नाही.

"रिकामं!" महाराज गरजले. "फसवतेस?"

"रिकामं आहे ना, सरकार? मग सेनापती खांबामागं कशाला? एवढा गडी जिनं एका झटक्यात तिथवर फेकला, ती काय कमी वजनाची?"

"ते भ्याले असतील. आम्ही नाही भ्यालो!"

भिवरानं अदबीनं मान लववली. "मग सरकारांनी पाय खाली सोडावेत. दोन्ही सिंहासनावर आहेत."

महाराजांनी खाली पाहिलं. गुडघे पोटाशी!  आणि महाराज जे हसत सुटले, ते मुकुट घरंगळून प्रधानांच्या मांडीवर पडेपर्यंत!

"हरलो, पोरी! बसवा सेनापतींना तराजूत! त्यांच्या भारंभार चांदी द्या हिला!"

"अर्धीच द्या, सरकार. चांदी बघून बा कणगीबाहेर यायचा नाही. ज्यांनी चाक त्याच्या मागं लावलं, त्यांनीच आमच्या अंगणातलं चाक त्याच्यासमोर हळूहळू फिरवून दाखवावं."

महाराज खरोखरच आले. अंगणात बसून दांड्यानं चाक फिरवू लागले. दोन दिवस नुसता चिखल उडाला. कणगीचं झाकण बोटभर वर व्हायचं, एक डोळा चमकायचा, झाकण खाली. तिसऱ्या दिवशी महाराजांनी कसंबसं एक मडकं उभं केलं, ते एका अंगाला कललं, आणि झाकण उडालंच!

"अहो सरकार, हे मडकं की सुकलेला भोपळा? हात ओला करा, हात! व्हा बघू बाजूला!"

सटवाजी चाकावर बसला. चाक गरगर फिरायला लागलं, आणि पहिली पणती हातावर आली तेव्हा कुठं त्याला कळलं आपण काय करतोय ते. तोवर दुसरीला हात घातला होता!

चिखलानं माखलेले महाराज पोट धरधरून हसले. राजवाड्यासाठी दहा हजार पणत्यांची मागणी त्यांनी तिथंच नोंदवली, रथाचे लगाम सारथ्याला परत दिले, आणि दवंडी पिटवली, "यापुढं धसक्याची फिर्याद आली, की तिचं वजन भिवरा करील!"