सन्मतीच्या नावाने

"शाळेच्या खोल्या, दवाखान्याचं यंत्र, की गोशाळा? तुम्हीच सांगा, अण्णा."

आदगोंडा मगदूमाने पाच अर्ज अण्णांच्या पुढ्यात ठेवले. इचलकरंजीत त्याचे शंभरावर यंत्रमाग. कारखान्यातर्फे समाजासाठी काही करायचं, असं तो चारचौघांत बोलला आणि दारात अर्जांची रीघ लागली. त्यातले पाच निवडून तो नदीकाठचा मठ सांभाळणाऱ्या अण्णांकडे आला होता.

अण्णांनी कागदांना हातही लावला नाही.

"नाव कुणाचं लावणार?"

"सन्मतीचं..."

सन्मती त्याचा एकुलता एक पोरगा, बावीस वर्षांचा. गेल्या चैत्रात मागाच्या पट्ट्यात सदरा अडकला आणि बघता बघता सगळं संपलं.

अंगणात एक म्हातारा पाठमोरा झाडत होता. आदगोंडाने ओळखलं आणि तोंड फिरवलं.

"हा इथं कशाला?"

"गणपा? मागाला सुट्टी असली की येतो. झाडतो आणि जातो. तुझ्याकडचाच ना?"

"एकतीस वर्षं. सन्मतीला कडेवर घेऊन शेडभर हिंडायचा. आणि त्या दिवशी दोन हातांवर उभा होता, अण्णा. पोरगं 'गणपाकाका, गणपाकाका' ओरडत होतं. लांब सुताच्या कांड्या भरत बसलेल्या बाईला त्याचे ओठ दिसले, ती धावत आली. हा वळलासुद्धा नाही."

"मागांचा खडखडाट असतो रे."

"असतो की. म्हणून तर शेडमध्ये आम्ही सगळे ओठांनी, हातवाऱ्यांनी बोलतो. पण दोन हातांवरची किंकाळी ऐकू येते. मला येते."

"त्याला विचारलंस?"

"काय विचारायचं? समोर आला की चोरासारखी मान खाली घालतो."

वर्षभर आदगोंडा त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. कामावरून काढायलाही जीव झाला नव्हता. दिसला की मात्र अंगाची नुसती आग व्हायची.

अण्णा उठले. कोनाड्यातली पितळेची परात घेऊन अंगणात गेले. गणपाच्या अगदी पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी परात फरशीवर सोडून दिली.

पिंपळावरची कबुतरं एकदम उडाली. आदगोंडा दचकून उभा राहिला, अर्ज ओट्यावर विखुरले. परात गरगरत, आदळत कितीतरी वेळ वाजत राहिली.

गणपाचा झाडू थांबला नाही.

...

आदगोंडा ओट्याच्या कडेला येऊन त्या चालत्या झाडूकडे बघू लागला. शेडमध्ये कुणाला कळणार होतं? तिथं कान लागतोच कुणाला? एकतीस वर्षं आपण या माणसाशी नुसत्या ओठांनीच बोलत आलो. आणि गेलं वर्षभर तर त्याच्याकडे तोंडही केलं नाही.

"कधीपासून, अण्णा?" ओट्यावर परतलेल्या अण्णांना त्याने विचारलं.

"सन्मती शाळेत होता तेव्हापासून. काम जाईल म्हणून माझ्याशिवाय कुणाला बोलला नाही."

"पोरगं त्याला हाका मारत होतं, हे त्याला..."

"त्या बाईनं सांगितलंय."

आदगोंडाला रडू आवरेना. एवढे दिवस त्याला राग धरायला एक माणूस तरी होता. आता तोही राहिला नाही. ज्यांनी गणपाचे कान नेले ते माग त्याचेच होते, हौसेनं एकेक करून वाढवलेले.

गणपा झाडत झाडत अंगणाच्या टोकाला पोचला आणि मागे वळला. वाटेत पडलेली परात त्याने उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि कुठून आली म्हणून इकडेतिकडे पाहू लागला. ओट्यावर मालक दिसले तशी त्याने मान खाली घातली.

आदगोंडाने विखुरलेले कागद गोळा केले.

"मग हे पैसे कुणाला देऊ, अण्णा?"

"त्याला विचार," अण्णा म्हणाले. "पण समोर जाऊन बस."