दोन आंतोन

"...आणि तुम्ही म्हणता, तो वैमानिकही या यादीत?"

डिकन सिल्वेस्टरने कागद म्हाताऱ्या फादर बावतिसांच्या पुढ्यात टाकला.

बंदरावरचं हे नवं कॅथेड्रल युद्धात बळी गेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलं होतं. कोनशिलेवर गव्हर्नरसाहेब होते, सरसेनापती होते. मेलेल्यांपैकी एकही नव्हता. त्यांची नावं उद्याच्या पहिल्या मिस्सेत, सगळ्या गावासमोरच्या प्रार्थनेत, वाचायची होती, आणि वाचणार होता सिल्वेस्टर.

पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत त्याने पहिला नंबर काढला होता. बाप गोदीत बॉम्बखाली गेला होता. तो बॉम्ब टाकून परतताना शत्रूचं विमान खाडीत कोसळलं. कोळ्यांनी वैमानिकाचं प्रेत जाळ्यातून ओढून काढलं आणि गावच्याच दफनभूमीत पुरलं.

सिल्वेस्टरने फादरांना बरंच सुनावलं. मारणारा कोण आणि मेलेला कोण, एवढंही चर्चला कळू नये? लोक तोंडात शेण घालतील. आणि आईला पहिल्या बाकावर कुठल्या तोंडाने बसवू?

फादर मेणबत्त्यांच्या वाती कापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मग खोड की. एवढा शिकलास, एक रेघ ओढता येईल."

सिल्वेस्टरने पेन काढलं. दफनभूमीतल्या क्रुसावर वाचलेलं ते नाव आडनावासकट त्याला पाठ होतं. बोट यादीवरून खाली सरकत गेलं, आणि थांबलं.

आंतोन.

त्याच्याच खाली, पुन्हा आंतोन.

मृतांसाठीच्या प्रार्थनेत बाप्तिस्म्याचं नाव तेवढं घेतात. आडनाव आणि हुद्दा चर्चच्या दाराबाहेरच राहतात. फादरांनी यादीही तशीच लिहिली होती.

"यातला माझा बाप कुठला?"

"लिहिताना ठाऊक होतं... आता नाही आठवत."

"थट्टा करू नका, फादर."

"बाप तुझा. तूच ओळख."

पेनाचं टोक वरच्या आंतोनवर टेकलं. उचललं गेलं. खालच्यावर टेकलं. तिथे शाईचा बारीक ठिपका पडला, तसा सिल्वेस्टरने तो घाईघाईने अंगठ्याने टिपला.

...

"कोणता खोडू, फादर?" आवाजातला पहिला नंबर आता कुठेच नव्हता.

फादरांनी कात्री खाली ठेवली.

"ज्याची घरी कुणी वाट पाहिली नाही, तो."