होडीच्या गाण्यातली गाळलेली कडवी

विषय: ‘होडीचे गाणे’ या लोकगीताच्या सरकारी नोंदीपुढे ‘अपूर्ण’ असा शेरा मारण्याबाबत.
संदर्भ: अर्जदार कोनल, धंदा गाणे, याचा अर्ज.

उपरोक्त विषयाची हकीकत अशी.

आयर्लंड देशाच्या पश्चिम टोकाला, जिथे मातीपेक्षा दगड जास्त आणि दगडांपेक्षा वारा जास्त, अशा एका गावात एक गाणारा राहत होता. त्याचे नाव कोनल. त्या भागात गाणे म्हणजे नुसता गळा. साथीला वाद्य नाही, ठेका नाही. गाणाऱ्याने चुलीजवळ बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे. कोनलने डोळे मिटले की बाकीचे बोलणे थांबवत, आणि त्या गावात बोलणे थांबवणे ही साधी गोष्ट नव्हती.

गावाचे स्वतःचे असे एक गाणे होते. कोनलच्या लहानपणी जत्रेला निघालेली होडी उलटली आणि गावातले नऊ जण बुडाले. पुढे गावच्या बायकांनी मिळून गाणे रचले. प्रत्येक बुडालेल्याचे एक कडवे. कोणती ओळ कोणाची यावर त्या बायकांचे कधीच एकमत झाले नाही, पण नऊच्या नऊ कडवी सगळ्यांना पाठ होती. कोनलला तर झोपेतही येत असत.

तरुणपणी कोनल नशीब काढायला शहरात गेला. तिथे गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या एका साहेबांनी त्याचे गाणे ऐकले. साहेब रडले. मग त्यांनी डोळे पुसून घड्याळाकडे पाहिले.

“नऊ जण बुडाले हे वाईटच झालं,” ते म्हणाले, “पण तबकडीच्या एका बाजूला तिघंच मावतात.”

कोनलने तिघे निवडले. होडीच्या मालकाचा मुलगा, नुकतेच लग्न झालेला नवरदेव, आणि जत्रेत फिडल वाजवायला निघालेला देखणा पोरगा. होडीतले पाणी उपसणाऱ्या टायगचे कडवे सर्वांत आधी गेले. त्यात ना लग्न होते, ना संगीत. कोनलच्या मनात कपट नव्हते. सहा कडवी आपण फक्त बाजूला ठेवतो आहोत, हवी तेव्हा उचलून घेऊ, असे त्याला वाटले.

तबकडी खूप खपली. वेष्टनावर कोनल जाड लोकरी स्वेटर घालून, हातात वल्हे घेऊन उभा होता. खरे तर होडीत पाय ठेवला की त्याला उलटी व्हायची, पण ते चित्रात येत नाही. रेडिओवर गाणे रोज लागू लागले. अमेरिकेत गेलेले आयरिश लोक ते ऐकून परत यायच्या गोष्टी करत आणि अमेरिकेतच राहत. पुढे सरकारने लोकगीतांचा संग्रह करायला एक कार्यालय काढले. तिथे नोंद झाली: ‘होडीचे गाणे. कडवी तीन. संपूर्ण.’ खाली सही कोनलचीच होती.

केस पिकल्यावर गावाने त्याला बोलावले. दर वर्षी, होडी बुडाली त्या दिवशी, सगळे गाव बंदराच्या धक्क्यावर जमे आणि हे गाणे होई. ज्याचे कडवे चालू असेल त्याच्या घरची माणसे तेवढा वेळ उभी राहत, अशी रीत होती. कोनलने डोळे मिटून गाणे म्हटले. तीन घरची माणसे उभी राहिली आणि बसली. टाळ्या झाल्या. लोक खुर्च्या आवरू लागले.

एक बाई मात्र बसून राहिली. ती टायगची मुलगी ओनोरा. जन्मभर इंग्लंडमध्ये लोकांच्या घरी काम करून ती नुकतीच गावी परतली होती.

“कोनल,” ती म्हणाली, “माझ्या बाबाचं कडवं राहिलं.”

कोनल ओशाळला. आता म्हणतो, असे सांगून त्याने डोळे मिटले. चाल आली. शब्द आले नाहीत. त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चालच आली. शेवटी त्याने तिलाच पहिली ओळ विचारली.

“मला कुठली ठाऊक?” ओनोरा म्हणाली. “तेवढा वेळ मी आईच्या तोंडाकडे बघायचे.”

कोनलने गावकऱ्यांकडे पाहिले. जुनी माणसे बहुतेक गेली होती. नवी माणसे एकमेकांकडे बघत होती. गुत्तेवाल्याने सगळ्यांच्या वतीने उत्तर दिले.

“आम्ही तुझ्याकडूनच शिकलो, महाराजा. तबकडी गुळगुळीत होईपर्यंत वाजवली. तीनच निघाली.”

गावचे मास्तर व्यवहारी होते. त्यांनी कोनलच्या कानाशी लागून सुचवले, की टायगला पाहिलेले आता कोणी उरलेले नाही; चार ओळी जुळवून म्हणून टाकाव्यात, बाईलाही बरे वाटेल. कोनलला ते अवघड नव्हते. चहा निवायच्या आत त्याने कडवे रचले असते, आणि ते मूळ कडव्याहून सरस झाले असते. ओनोराला मास्तरांचे बोलणे ऐकू गेले असावे. आपल्या बाबाविषयी कोणी काहीही म्हटले तरी ऐकायला ती तयार आहे, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. कोनलला तेच सहन झाले नाही.

“मला येत नाही,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत चार लोकांसमोर हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारले.

त्यानंतर तो शहरात परत गेला नाही. दारोदार फिरून कडवी शोधू लागला. लोक हसत. ज्याने ती टाकली तोच ती मागत फिरतो आहे, असे म्हणत. आणि त्यात खोटे काही नव्हते. एक कडवे शेजारच्या बेटावरच्या धर्मगुरूकडे निघाले. एक अमेरिकेहून टेलिफोनवर आले. एका म्हातारीला बटाटे सोलल्याशिवाय काहीच आठवत नसे; कोनलने टोपलीभर बटाटे नेऊन दिले, तेव्हा कुठे तिसऱ्याचा पत्ता लागला. अशी पाच मिळाली. टायगचे मिळाले नाही.

पुढच्या वर्षी कोनल धक्क्यावर उभा राहिला आणि गाणे सुरू झाले. टायगची पाळी आली तेव्हा त्याने नाव उच्चारले, आणि मग पूर्ण कडव्याची चाल, एकही शब्द न घालता, पहिल्यापासून शेवटपर्यंत गुणगुणली. ओनोरा तेवढा वेळ उभी होती. वाऱ्याने तिच्या डोक्याचा रुमाल सुटला, तोही तिने बांधला नाही.

गाणे संपल्यावर कोनल तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“असू दे,” ओनोरा म्हणाली. “आई सांगायची, बाबा तसाही कमीच बोलायचा.”

मग कोनलने कार्यालयात अर्ज केला, की नोंदीतला ‘संपूर्ण’ हा शब्द काढून तिथे ‘अपूर्ण’ असा शेरा मारावा. सापडलेली पाच कडवी सोबत जोडली. कार्यालयाने कळवले, की गाणे अपूर्ण असल्याचा पुरावा म्हणून त्याचा उरलेला भागही जोडणे आवश्यक आहे. उरलेला भाग हरवला आहे, म्हणूनच गाणे अपूर्ण आहे, असे कोनलने लिहिले. यावर दोन टेबलांमध्ये मतभेद झाले. एका सज्जन अधिकाऱ्याने कोनलला समोर बसवून समजावले, की नववे कडवे स्वतःच रचून द्यावे. गाणे पूर्ण होईल, फाइल बंद होईल, कोणाचे काही बिघडणार नाही. कोनलने त्यांचे आभार मानले आणि नकार दिला.

अर्जदार आता फार म्हातारा झाला आहे. नोंदीत अजून ‘संपूर्ण’ असेच लिहिलेले आहे. अर्ज विचाराधीन आहे.

तात्पर्य: सोयीसाठी बाजूला ठेवलेले मागाहून हाती लागेलच असे नाही; आणि नाही लागले, तर त्याची जागा मोकळी राहू द्यावी, तिथे आपल्या पदरचे भरू नये.