एवढी एकच खेप

फार पूर्वी एका उभ्या कड्याच्या माथ्यावर एक गाव वसलेलं होतं. गावात यायला एक चिंचोळी वाट होती, पण ती शेळ्यांची आणि तरण्या गड्यांची. मीठ, गूळ, धान्याची पोती, म्हातारीकोतारी आणि गरोदर बायका यायच्या त्या पाळण्यातून. पाळणा म्हणजे वेताचा मोठा टोपला. कड्याच्या काठावर कप्पी, कप्पीवरून जाणारा जाडजूड दोर आणि मागे चार गड्यांनी फिरवायचा रहाट. अख्खं गाव त्या एका दोराला लटकलेलं होतं म्हणा ना!

दोराची राखण हौसा नावाची एक बाई करायची. रोज सकाळी ती सगळा दोर तळव्यातून सरकवत न्यायची. कुठे काही बोचलं, कुठे काही मऊ लागलं, की पीळ सोडवून आत डोकावायची. दोर ओला ठेवू द्यायची नाही, उन्हात टाकू द्यायची नाही आणि भरलेल्या पाळण्याखाली कुणाला उभं राहू द्यायची नाही. गावातली पोरं तिला पाहिलं की आपणहून चार पावलं मागे सरकायची.

गावाचं मात्र दोरावर भलतंच प्रेम. खंडेनवमीला सगळे आपापली अवजारं पुजायचे आणि मग पाळणाघराकडे लोटायचे. दोराला तेल, हळद, कुंकू. वर्षानुवर्षं ही पुटं चढून दोर असा गुळगुळीत आणि लालभडक झाला होता की हौसाच्या तळव्याला त्यातलं काही लागेना. तिने दोनदा तक्रारही केली. लोक म्हणाले, "देवाचं आहे, राहू दे." मग तिनेही राहू दिलं.

यंदा तिची लेक सारजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. लेक पाळण्यात बसणार म्हणताच हौसाला राहवेना. तिने गरम पाण्याचं घंगाळ घेतलं आणि देवाबिवाचा विचार न करता दोर घासायला बसली. कुंकू वाहून गेलं. खाली दिसलं ते काही बरं नव्हतं. कड्याच्या काठावर घासून घासून वरचे धागे तुटले होते. तिने पीळ उलगडला, तर आतला पेड काळा पडलेला, आणि बोटांना लागला तपकिरीसारखा भुगा.

तेवढ्यात खालून हाक आली, "आई! आले गं मी!" कड्याच्या पायथ्याशी बैलगाडी उभी होती आणि गाडीशेजारी सारजा कमरेवर हात ठेवून उभी होती.

हौसा उभी राहिली आणि रहाटावरच्या गड्यांना म्हणाली, "थांबा रे. दोर गेला."

पाटील धावत आले. त्यांच्या गुळाच्या ढेपीही त्याच गाडीतून आल्या होत्या. "गेला म्हणजे? काल तर याच दोराने मिठाची पोती वर आली!"

"आली. पण आत काही उरलेलं नाही, पाटील."

"अगं हौसा, पोर दिवस भरलेली, उन्हात उभी आहे तुझी. एवढी एकच खेप कर. तिला वर घे, मग खुशाल फेकून दे दोर."

"एवढी एकच खेप," गडीही म्हणाले. बाया म्हणाल्या. शेजारीण तर पदर डोळ्याला लावून म्हणाली.

खरं सांगायचं, तर हौसाच्याही जिभेवर तेच आलं होतं. सारजा काही मिठाच्या पोत्यांएवढी जड नाही. काल टिकला, आज नाही टिकणार? लेकीला जवळ घ्यायची, तिला आल्याचा काढा करून द्यायचा, यासाठी जीव नुसता तुटत होता. तिने खाली पाहिलं, मग हातातल्या भुग्याकडे पाहिलं.

"दोर तुटतो तो शेवटच्याच खेपेला," ती म्हणाली, "आणि ती शेवटची आहे हे तो आधी सांगत नाही."

तिने कोयता उचलला आणि दोर मधोमध तोडला.

मग काय विचारता! कुणी तिला अभद्र म्हणालं, कुणी कसाईण. खालून सारजाचं रडणं ऐकू येत होतं. पायथ्याशी एका कुंभारणीचं घर होतं, तिने सारजाला हाताला धरून आत नेलं. हौसा नव्या दोरासाठी भिजत घातलेली अंबाडी आणायला तळ्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी ती तळ्यावर अंबाडी धूत असताना तिला रहाटाची करकर ऐकू आली. तशीच ओल्या लुगड्याने धावत आली. पाटलांनी दोराचे दोन तुकडे गाठ मारून जोडले होते. "एक गाठ मारली की झाला की नाही धड?" असं गड्यांना सांगून त्यांनी गुळाच्या ढेपी पाळण्यात भरल्या होत्या. सारजालाही निरोप गेला होता, गुळामागोमाग तुझीच खेप. ती बिचारी आशेने येऊन गाडीच्या सावलीत बसली होती. वर अर्ध्या कड्यावर पाळणा हेलकावे घेत होता.

हौसा काठावर आली आणि सगळा जीव गळ्यात आणून ओरडली, "सारजा, लांब हो! कड्यापासून लांब हो!"

लेक आईच्या हाकेला लहानपणापासून ओळखत होती. तिने का म्हणून विचारलं नाही. पोट सावरत उठली आणि सरळ कुंभारणीच्या अंगणाकडे निघाली. गाडीवानही तिच्यामागे पळाला. ती अंगणात पोचते न पोचते, तोच दोर तुटला. गाठ शाबूत राहिली, तुटला तो भलतीकडेच. ढेपी, पाळणा सगळं गाडीवर येऊन आदळलं, आणि जिथे सारजा बसली होती तिथे फळ्यांचा चुरा उरला. बैल सोडून ठेवले होते म्हणून वाचले.

पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना हौसाकडे बघवेना.

हौसा मात्र त्यांच्यावर ओरडली नाही. ती म्हणाली, "माझंही चुकलं. दोर तोडला पण कुणाला बांधता येईल असा ठेवला." तिने खाली पडलेल्या तुकड्यासकट सगळा दोर गोळा केला आणि त्याचे वीतवीत तुकडे केले. ते चुलीत घातले आणि शेवटचा तुकडा जळेपर्यंत तिथून हलली नाही.

मग ती दोर वळायला बसली. थोड्या वेळाने पाटील आले, समोर बसले आणि अंबाडी सोलू लागले. एकेक करून सगळं गाव आलं. हौसाला एकेक पेड पसंत पडेपर्यंत ती पुन्हा उकलायला लावायची. कुणी कुरकुर केली नाही. दोर अर्धा झाला असताना खालून कुंभारणीची हाक आली, "हौसाबाई, नात झाली! दोघी सुखरूप आहेत!" पाटील म्हणाले, "वाटेने उतरून बघून तरी ये." हौसाने नकाराची मान हलवली. त्या वाटेने तिला कसंबसं खाली जाता आलं असतं, बाळंतिणीला वर आणता आलं नसतं. तिचे हात वळतच राहिले.

दोर पुरा झाला, त्याला नवा विणलेला पाळणा बांधला. सारजा तान्ह्या लेकीला घेऊन खाली उभी राहिली. गडी रहाटाला लागले. पाटील म्हणाले, "आता तरी घे पोरीला. दोर नवाकोरा आहे."

"नवा आहे, मला अजून त्याची ओळख नाही," हौसा म्हणाली. "आधी दगड."

सारजाच्या कितीतरी पट जड दगड पाळण्यात भरून वर आले. हौसाने दोर पुन्हा तळव्यातून सरकवला, गाठ तपासली, कप्पी तपासली. खालची माणसं लांब उभी आहेत ना, ते पाहिलं. आणि मगच तिने हाक दिली, "सारजा, बस."

पाळणा संथपणे काठाला लागला. सारजा उतरली. तिला खूप काही बोलायचं होतं, रागही होता थोडा. पण आईच्या सोलवटलेल्या तळव्यांकडे तिचं लक्ष गेलं, आणि तिने बाळ आईच्या ओंजळीत ठेवलं. इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली हौसा तेव्हा सगळ्या गावादेखत हमसून हमसून रडली.

तात्पर्य: ज्या दोरावर माणसाचा जीव टांगायचा, त्याची रोज पारख करावी, शंका आली तर कुणाचीही भीड न धरता काम थांबवावं, आणि निकामी झालेला दोर पुन्हा कुणाच्या हाती लागणार नाही अशी त्याची वाट लावावी.