मुरमाचा टेम्पो

एकदा एका तरुण आईची झोप एका भूखंडाने उडवली. शहराबाहेर, नव्या वळणरस्त्याच्या आतल्या अंगाला, चुन्याची फक्की मारून आखलेला तो चौकोन होता. मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेली सगळी शिल्लक त्यात घालायची आणि मुलगी कॉलेजात जाईल तेव्हा तो विकायचा, असा बेत होता. नवरा म्हणाला होता, "तू ठरव. तुझं वाचन जास्त." या वाक्याने तर तिची उरलीसुरली झोपही गेली. भेंडीसुद्धा मोडून पाहिल्याशिवाय न घेणारी बाई ती; पण जमीन मोडून कशी पाहणार?

तिने आपल्या परीने काही कमी केले नव्हते. सातबारा काढून नाव जुळवले, पाणी किती खोल लागते ते विचारले, दिशा पाहिली. प्लॉट पूर्वाभिमुख निघाला तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. विक्रेत्याचा रोज फोन येई; ती त्याला एकेक शंका विचारी आणि तो सांगे की, ताई, रविवारपर्यंतच हा भाव. तरीही मनात काहीतरी सलत होते, आणि ते सलणे शहाणपणाचे की नेहमीच्या भित्रेपणाचे, हे तिचे तिलाच सांगता येत नव्हते. शेवटी ती आपल्या शाळेतल्या वृद्ध गुरुजींकडे गेली.

गुरुजींनी सारे ऐकून घेतले, कागद पाहिले आणि परत दिले. मग म्हणाले, "विसार देण्याआधी एक टेम्पो मुरूम त्या प्लॉटवर नेऊन पाहू."

ती चक्रावली. न घेतलेल्या जमिनीवर मुरूम? गुरुजींचे वय झाले, असा विचार मनात आला, आणि लगेच त्याची लाजही वाटली. गुरुजींनी एवढेच सांगितले की, मुरूम माझ्या अंगणात टाकायचाच आहे, आधी तिकडे जाऊन येईल. विक्रेत्याने तर हसतच होकार दिला. गिऱ्हाईक मुरूम आणते म्हणजे सौदा पक्का, असे त्याला वाटले असावे.

रविवारी सकाळी विक्रेत्याची मोटार पुढे आणि टेम्पो मागे, अशी वरात निघाली. मोटारीत गुरुजी होते, ती होती, आणि सुट्टी म्हणून तिची पाच वर्षांची लेक रेवाही मांडीवर होती. मोठा रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागल्यावर मोटार नेहमीसारखी सरळ निघून गेली. टेम्पो मात्र हरभऱ्याच्या रानाशी अडला. एक म्हातारी बाई पदर खोचून आडवी उभी होती. मोटार थांबवून सगळे मागे आले.

"मोटारी येत्यात, जागा बघून जात्यात, त्याला मी कधी नाही म्हटलं का?" बाई म्हणाली. "पण माल माझ्या रानातनं जायचा नाही."

"मावशी, आपलं बोलणं झालंय की," विक्रेता हळू आवाजात म्हणाला.

"बघणाऱ्यांपुरतं झालंय. बांधणाऱ्यांचं नाही."

गुरुजींनी दुसऱ्या वाटेचे विचारले. विक्रेत्याने लांबच्या ओढ्याकडे बोट केले आणि मग ते हळूच खाली घेतले. लेखी काही आहे का? होईल, बोलणी चालू आहेत. गुरुजींनी बाईंना नमस्कार केला, टेम्पोवाल्याला आपल्या घराकडे धाडले आणि शिष्येला घेऊन पायीच मोठ्या रस्त्याकडे निघाले.

"तू जमिनीचा कागद पाहिलास, वाटेचा पाहिला नाहीस," ते चालता चालता म्हणाले. "आणि तुला तर तिथे राहायचेही नाही, पुढे विकायचे आहे. तेव्हा ही जागा तुझ्या डोळ्यांनी पाहून भागणार नाही. उद्या जो तुझ्याकडून घेणार, त्याच्या डोळ्यांनी पाहायला हवी. त्याला घर बांधायचे असेल. त्याच्या विटा कुठून येतील, वीज-पाणी कुठून येईल, बँक त्याला कर्ज देईल का, हे त्याच्या वतीने आज तू विचारायचे. मोकळ्या मोटारीला कुणीही जाऊ देते. ओझ्याला वाट मिळते का, ते पाहावे."

"पण एवढ्या भावात पुन्हा मिळाली नाही तर?"

"न मिळो. शिल्लक जागेवर आहे ना?"

होती. सगळीच्या सगळी होती. तिने खोल श्वास घेतला आणि आपल्याला सपाटून भूक लागली आहे, हे तिच्या ध्यानात आले. रस्त्याच्या कडेला वडापावची गाडी होती. तिथे उभे राहून तिने दोन वडापाव खाल्ले, आणि लेकीलाही चार शहाणपणाच्या गोष्टी कळाव्यात म्हणून सगळे समजावून सांगितले: ती वाट कशी त्या आजींची होती, आजींनी कशी नुसती बघायला येणाऱ्यांना मुभा दिली होती, आणि म्हणून आपण ती जागा घेत नाही. सूर थोडाफार गुरुजींचाच लागला होता.

रेवाने सगळे ऐकून घेतले. तोंडातला घास संपवला. मग म्हणाली, "वाट आजींची होती, तर तू रोज त्या काकांनाच का विचारत होतीस?"